आज कोणतं पुस्तक?

शनिवार, ४ नोव्हेंबर

आज एक टीम माझ्यामुळे हरली. खरं तर माझ्या जोडीच्या पंचांच्या, म्हणजे मास्तरांच्या, शिट्टीमुळे हरली, पण मुख्य पंच मी होते, आणि मुख्य पंचाला 'खरं तर' म्हणायची सोय नसते.

काय झालं ते सरळ लिहून काढते, म्हणजे डोक्यातला गोंगाट तरी थांबेल. क्लबांची बास्केटबॉलची मॅच होती. शेवटचं मिनिट. पाहुण्या टीमनं टाकलेला बॉल रिंगवर आदळला आणि कडेवरच घुटमळत राहिला, आत जाऊ की बाहेर अशा विचारात. घरच्या टीमच्या एका उंच मुलानं उडी मारून तो हातानं उडवून लावला. क्लबच्या नियमात हे चालतं. बॉल एकदा रिंगला लागला की तो सगळ्यांना मोकळा. शाळांच्या नियमात मात्र चालत नाही. तिथे रिंगवरच्या बॉलला हात लावला की बास्केट झाली असंच धरायचं. क्लबची मॅच म्हणून मी गप्प राहिले. तेवढ्यात पलीकडून मास्तरांची शिट्टी वाजली आणि त्यांनी दोन बोटं दाखवून दोन गुण दिले.

मी धावत त्यांच्याकडे गेले. "मास्तर, बॉल रिंगला लागला होता."

"म्हणून तर," ते शांतपणे म्हणाले. "पाळण्यातल्या बाळाला हात लावायचा नाही, पोरी. तुला हे मीच शिकवलंय."

शिकवलं होतंच. शाळेत असताना माझ्या हातात बॉल त्यांनी दिला आणि खेळणं सुटल्यावर शिट्टीही त्यांनीच दिली. त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती की माझी खात्री पातळ झाली. मी गुण मांडणाऱ्यांच्या टेबलाकडे वळून दोन गुण मान्य केले. घरची टीम एका गुणानं हरली. तो उंच मुलगा माझ्याकडे बघत राहिला. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं, पण त्याला काही कळतच नव्हतं.

घरी येऊन नियमांचं पुस्तक उघडलं. माझंच बरोबर होतं.

रविवार, ५ नोव्हेंबर

सकाळी दात घासताना कालच्यापेक्षा वाईट विचार आला.

या मोसमापासून मास्तर मॅचच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत मला न चुकता विचारतात, "आज कोणतं पुस्तक?" पाढे विचारावेत तसं. मी सांगते: शाळेचं, क्लबचं किंवा तिघांचं. तिघांचं म्हणजे अर्ध्या कोर्टवर तिघांविरुद्ध तिघे खेळतात ते. लोक म्हणतात एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आम्हाला तीन ठेवाव्या लागतात. मास्तर माझी परीक्षा घेतात हे मला आवडतं. अजून विद्यार्थिनी असल्यासारखं वाटतं.

पण काल त्यांनी विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं? आठवत नाही. बुटाची नाडी बांधत होते, ती एका ठिकाणी तुटून गाठ मारलेली होती, हे आठवतं. उत्तर आठवत नाही. मी 'शाळेचं' म्हणाले असेन तर मास्तरांची शिट्टी बरोबर होती आणि सगळी चूक माझी.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्द सांडायला लागले, मग माणसं. तेव्हा ती जेमतेम पन्नाशीची होती. मी आज सत्तेचाळीसची आहे.

नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्टची दुरुस्ती करतो, त्याला प्रत्येक गोष्टीत एक तार सैल झालेली दिसते. "तुझं काही झालेलं नाही," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी मी काय म्हणालो ते तुला शब्दाला शब्द आठवतं. ते विसरायला लागलीस तर मी गल्लीभर पेढे वाटीन."

बुधवार, ८ नोव्हेंबर

तक्रार आलीच. पंच समितीच्या सेक्रेटरींनी दोघांना बोलावलं. त्यांचं ऑफिस व्यायामशाळेच्या वर आहे. कोपऱ्यात हवा गेलेल्या बॉलांचा ढीग आणि कपाटात कोणी न्यायला न आलेल्या ढाली.

सेक्रेटरी चांगले आहेत, फक्त चांगलं बोलायला त्यांना जमत नाही. म्हणाले, "शाळांची मुलींची फायनल तुम्हा दोघांकडेच आहे. मी स्वतः बघायला बसणार. परत पुस्तकांची गल्लत झाली, तर जिच्यामुळे झाली तिचं नाव पंचांच्या यादीतून काढावं लागेल." जिच्यामुळे म्हणाले, ज्याच्यामुळे नाही. संशयाची सुई कोणाकडे आहे ते मला कळलं.

मी म्हटलं, "चूक माझी आहे. मास्तरांना मीच चुकीचं पुस्तक सांगितलं असणार."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं, मग मिटलं, आणि ते परत ढाली बघू लागले. मला वाटलं ते माझ्यासाठी रदबदली करणार होते आणि सेक्रेटरींच्या तोंडाला लागायला नको म्हणून थांबले. जिना उतरताना त्यांनी माझं कोपर धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी असा हात धरला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

वीस वर्षं शिट्टी वाजवतेय. ती गेली तर माझ्याकडे काय उरतं? चष्म्याचं दुकान आणि टीव्ही.

रविवार, १२ नोव्हेंबर

उपाय सापडला. केसांना लावायचे रंगीत रबर आणले. हिरवा शाळेचा, निळा क्लबचा, लाल तिघांचा. ज्या मॅचला जो असेल तो मनगटावर चढवायचा. शंका आली की खाली बघायचं. आज शाळेची मॅच होती म्हणून हिरवा चढवला आणि मास्तरांनी विचारायच्या आतच मनगट त्यांच्या नाकासमोर धरलं.

त्यांनी तो रबर बोटानं ओढून बघितला. "ही तर मोठी युक्ती आहे. मलाही एक जोड दे. आपण दोघं जावा-जावा दिसू."

मी पिशवीतून तिन्ही काढून दिले. त्यांनी ते खिशात घालून वरून दोनदा चाचपले. म्हणाले, "पोरगी गुरूच्या पुढे गेली." दिवसभर तेच वाक्य माझ्या डोक्यात वाजत राहिलं.

मॅच बरी गेली. एकच खटकलं. मी शिट्टी वाजवली की लगेच, अगदी मागोमाग, मास्तरांची वाजते. आधी कधीच नाही. हात वर करायलाही ते मी हात वर करायची वाट बघतात. सेक्रेटरींनी त्यांना माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय की काय?

गुरुवार, १६ नोव्हेंबर

मी चष्म्याच्या दुकानात काम करते हे आता सगळ्या क्लबांना कळलंय. आज एक गिऱ्हाईक काचा बघता बघता म्हणालं, "त्या दिवशी स्वतः एक लावून यायचा होता." मी हसून त्यांना महागातली फ्रेम दाखवली.

पंचाचं कामच हात दाखवून अवलक्षण. शेकडो लोकांसमोर हात वर करायचा आणि मग तो का वर केला याचा घरी विचार करत बसायचं.

जेवताना नवऱ्यानं माझी तोंडी परीक्षा घेतली. त्याच्या एका हातात घास आणि दुसऱ्या हातात पुस्तक.

"क्लबच्या मॅचमध्ये टाइम-आउट कोण मागू शकतं?"

"फक्त कोच. तेही टेबलाकडे."

"शाळेच्या?"

"कोच किंवा कोर्टवरची कोणीही खेळाडू. पण बॉल तिच्याच टीमकडे हवा."

"तिघांच्या खेळात लांबून टाकलं तर किती?"

"दोन. जवळून एक."

"आठ सेकंदांत काय करायचं?"

"मधली रेषा ओलांडायची."

"मग पोळी अजून ताटाच्या त्या बाजूलाच का?"

पुढे कितीतरी विचारलं. एकही चुकलं नाही. म्हणजे जे चुकणार आहे तेवढंच नेमकं त्यानं विचारलं नाही.

रविवार, १९ नोव्हेंबर

तिघांची स्पर्धा. एका बाजाराच्या मागच्या गाड्या लावायच्या जागेत, खडूनं आखलेल्या रेषा, एकच बास्केट. मी लाल रबर लावला होता. मास्तरांनी मनगटावर घाम टिपायची रुंद पांढरी पट्टी घातली होती. म्हणाले रबर पट्टीच्या आत आहे, उघडा ठेवला की केस ओढतो.

एका मुलानं लांबून मारला आणि मास्तरांनी झोकात तीन बोटं वर केली. सगळे ओरडले, "दोन, मास्तर, दोन!" मास्तरांनी बोटांकडे बघितलं, मग तिसरं बोट दुसऱ्या हातानं हळूच खाली दाबलं, जसं काही ते बोटच द्वाड आहे. लोक खो-खो हसले. मीही हसले. मास्तरांसारखा गर्दी जिंकणारा पंच पुन्हा होणार नाही. मी केलं असतं तर तक्रार गेली असती.

संपल्यावर काकूंचा फोन आला. काकू म्हणजे मास्तरांच्या बायको. "अगं, त्यांना दारापर्यंत सोडशील का? कोपऱ्यापर्यंत नको, दारापर्यंत." मास्तरांची स्कूटर उन्हाळ्यातच विकून टाकली, त्यांच्या गुडघ्यांमुळे म्हणे. पण मास्तर कोर्टवर माझ्यापेक्षा जास्त पळतात. काकू उगाच काळजी करतात. बसून बसून त्यांना दुसरं काम नाही.

बुधवार, २२ नोव्हेंबर

काकू मास्तरांना घेऊन दुकानात आल्या. "यांचा नंबर नीट तपास. वाढलाय बहुतेक. त्याशिवाय असं व्हायचं नाही." कसं, ते सांगितलं नाही.

मी मास्तरांना यंत्रासमोर बसवलं, काचा बदलून बदलून सगळ्या ओळी वाचायला लावल्या. त्यांनी शेवटची ओळसुद्धा वाचली, वर म्हणाले, "खाली छापणाऱ्याचं नाव आहे, तेही वाचू का?" नंबर अजिबात बदललेला नाही. या वयात असे डोळे मी क्वचित बघितलेत.

मी काकूंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "नंबरच वाढला असता तर बरं झालं असतं गं."

मी म्हटलं, "काकू, लोक हे ऐकून खूश होतात!"

"हो ना," त्या म्हणाल्या. मास्तर आरशात फ्रेमा लावून बघत होते तेव्हा त्या माझ्या जवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुला त्या ऑफिसातल्या दिवसाबद्दल..." तेवढ्यात मास्तर एक लाल फ्रेम लावून वळले, "कसा दिसतो?" आणि ते बोलणं राहून गेलं. त्या मला धीर देणार असतील. म्हणजे मास्तरांनी घरी माझ्या चुकीबद्दल सांगितलेलं दिसतं. लाज वाटली.

शुक्रवार, १ डिसेंबर

उद्या फायनल. हिरवा, हिरवा, हिरवा. टाइम-आउट खेळाडू मागू शकते. रिंगवरच्या बॉलला हात नाही. नवरा म्हणाला, एवढी भीती वाटते तर नाही म्हण. भीती वाटते म्हणून नाही म्हटलं असतं तर माझं लग्नही झालं नसतं.

शनिवार, २ डिसेंबर

कुठून सुरू करू?

हॉल भरलेला. सेक्रेटरी पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून. खोलीत मास्तरांनी विचारलं, मी मनगट दाखवलं, त्यांनी मान हलवली. तीन भाग सुरळीत गेले. माझी शिट्टी, मागोमाग त्यांची. मला त्याची सवय झाली होती.

शेवटच्या भागात एक बारकी मुलगी बॉल घेऊन कोपऱ्यात अडकली. तिच्यासमोर दोन दांडग्या मुली हात पसरून उभ्या, मागे रेषा. मास्तर तिच्यापासून दोन पावलांवर होते. ती त्यांच्याकडे वळून ओरडली, "टाइम-आउट!" मास्तर हलले नाहीत. ती पुन्हा ओरडली, या वेळी रडवेल्या आवाजात. मी कोर्टच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथून शिट्टी वाजवली आणि टाइम-आउटची खूण केली.

मास्तर माझ्याकडे चालत आले. तोच शांत आवाज. "खेळाडूला हक्क नाही, पोरी. कोचनं टेबलाकडे मागायचा. टाइम-आउट नको. हिनं बॉल फार वेळ धरला, तो त्या टीमला दे."

आणि खरं सांगते, माझी खात्री पुन्हा पातळ व्हायला लागली. समोर सेक्रेटरी. दोन्ही कोच उभे. मी खाली मनगटाकडे बघितलं. हिरवा. मी बघितलं म्हणून मास्तरांनीही बघितलं. त्यांनी ती पांढरी पट्टी वर सारली.

आत तिन्ही रबर होते. हिरवा, निळा, लाल, एकाखाली एक. ते तिन्हींकडे आळीपाळीनं बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. महिनाभर मी माझं डोकं तपासत होते.

मी हळूच म्हटलं, "मास्तर, हिरवं."

"हो का?" ते म्हणाले. इतक्या बारीक आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी पट्टी खाली ओढून नीट केली, टेबलाकडे वळले आणि टाइम-आउट दिला. त्या बारक्या मुलीची टीम तरीही हरली. निदान स्वतःच्या चुकांनी हरली.

संपल्यावर सेक्रेटरी येऊन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सुटलात! मास्तरांनी भर कोर्टवर परीक्षा घेतली ना तुमची? जुना खेळाडू!" मी हसले. हसायला नको होतं.

खोलीत मास्तर बाकावर बसले होते, एक बूट काढलेला, एक पायात.

"त्या दिवशी तू 'क्लबचं' म्हणाली होतीस," ते म्हणाले. "स्पष्ट म्हणाली होतीस. मी ऐकलं. कोर्टवर जाईपर्यंत टिकलं नाही. दोन गुण दिल्यावर घरी जाताना आठवलं. हिला सांगितलं त्याच दिवशी."

"मग ऑफिसात का बोलला नाहीत?"

"तू आधी बोललीस." त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली. "मला बरं वाटलं."

मला आधी आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण दैनंदिनीत खोटं लिहिण्यात काय अर्थ? माझं डोकं शाबूत आहे, मी आईसारखी होत नाहीये, एवढंच मनात आलं आणि मी भिंतीला टेकून अक्षरशः हसले. मग राग आला. त्यांनी मला महिनाभर जळू दिलं. मग बघितलं तर त्यांना नाडीची गाठ सुटत नव्हती. मी खाली बसून सोडवली. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्यांना दारापर्यंत सोडलं. काकूंनी दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मास्तरांच्या हातातली पिशवी घेतली.

मंगळवार, ५ डिसेंबर

सकाळी दुकानात सेक्रेटरींचा फोन. शनिवारी क्लबांची उपांत्य मॅच आहे. "तुम्ही दोघंच ना?" मी म्हटलं, संध्याकाळी कळवते.

दुपारी मास्तरांकडे गेले. ते बाल्कनीत शाळेच्या बॉलांमध्ये हवा भरत होते. काकूंनी माझ्यासाठी खुर्ची आणली आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या.

मास्तरांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. "सोपं आहे. तू मनगट माझ्याकडे करून उभी राहत जा. मी तुझ्यामागून वाजवतो. हात तू आधी करायचा. एवीतेवी तसंच चाललंय की. एक मोसम तर आरामात निघेल." पंपाचा दांडा खाली-वर होत होता. "मॅच नसली ना, की शनिवार फार मोठा होतो."

मला हो म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. मला त्यांच्याशिवाय कोर्टवर उभं राहताच येत नाही असं वाटत होतं, आणि एक मोसम म्हणजे काय, बघता बघता निघाला असता. डोळ्यांसमोर मात्र तो उंच मुलगा येत होता, काहीच न कळून माझ्याकडे बघणारा.

"मास्तर," मी म्हटलं, "त्या मुलानं काहीच चूक केली नव्हती."

पंप थांबला. काकूंनी दाराची चौकट धरली.

"कोणत्या?" त्यांनी विचारलं. मग लगेच, "हां. तो." त्यांना खरंच आठवलं की नाही, मला सांगता येणार नाही.

मी त्यांच्यासमोरच सेक्रेटरींना फोन लावला. पाठीमागे करायचं नव्हतं. म्हटलं, "शनिवारी मी येते. मास्तर येणार नाहीत. यापुढे नको." तिकडून ते विचारायला लागले, का, काय झालं, भांडलात का? मी म्हटलं, "नंतर बोलते," आणि फोन ठेवणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "कारण सांग. टेबलाकडे जाऊन कारण न सांगता पंच परत फिरत नाही."

मग मी सांगितलं. मॅच कोणत्या नियमांची ते त्यांच्या लक्षात राहत नाही. त्या शनिवारी मी बरोबर सांगितलं होतं आणि ते विसरले होते. फायनललाही विसरले. सगळं सांगितलं.

फार जुन्या नियमांत, मी खेळायला लागले तेव्हाच्या, पंचानं फाउल सांगितला की तो करणाऱ्या खेळाडूनं हात वर करायचा असे, म्हणजे टेबलावरच्यांना कळायचं कोणाच्या नावावर मांडायचा. तो नियम केव्हाच गेला. मी बोलत असताना मास्तरांनी बसल्या जागी उजवा हात सरळ वर केला, आणि सेक्रेटरी तिकडून "हॅलो, हॅलो" करत होते तोवर तो वरच होता.